रंगाखालची बुरशी

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच दादा. तू माझा नंबर बंद करून ठेवलास, पण टपालवाल्याला कसा बंद करशील? तो येणार, पाकीट देणार आणि तू ते फोडणार. न वाचता फेकून देण्याएवढा तुझ्यात दम नाही. लहानपणी माझ्या वह्यासुद्धा चोरून वाचायचास.

मावशीकडून निरोप मिळाला. अठ्ठावीस तारखेला तू येणार, बाबांना घेऊन जाणार आणि घराला कुलूप ठोकणार. कारण काय, तर बाथरूममधली बुरशी आणि बाबांचा खोकला. मावशीनं निरोप असा सांगितला की जणू कोर्टाचा निकाल वाचून दाखवतेय. शेवटी आवाज खाली करून म्हणाली, “तो म्हणतो, ज्या भिंतीनं आईला खाल्लं, तिच्या शेजारी बाबांना एक दिवस ठेवणार नाही.”

माझं उत्तर सरळ आहे. बाबा कुठेही जाणार नाहीत.

मी त्यांना तुझा निरोप सांगितला तेव्हा ते उठले. बाल्कनीत गेले आणि आधीच स्वच्छ असलेले ब्रश पुन्हा धुवायला बसले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, त्याला स्वतःच्या घरातून उचलून तू तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत ठेवणार. तिथे ते करणार काय? तुझ्या बायकोची झाडं मोजणार?

बुरशी आहे. नाही म्हणत नाही. नळामागची भिंत, छताचा कोपरा, दारावरची पट्टी. काळे ठिपके, मधे हिरवट, आणि आत शिरलं की भिजलेल्या गोणपाटासारखा वास. पण मी बुरशीपुढे हात टेकलेत असं तुला वाटत असेल तर तू अजून मला ओळखलं नाहीस. दिवसभर दाताच्या डॉक्टरांकडे उभी राहून लोकांच्या दाढांमधली घाण काढते मी. एका भिंतीला घाबरणार?

काल रविवार होता. हात धुऊन तिच्या मागे लागले. अर्धी भिंत स्वच्छ झाली. जरा डोळे चुरचुरले, बाकी काही नाही. अठ्ठावीस तारखेला येशील तेव्हा भिंतीवरून हात फिरवून बघ. कोरडी आणि स्वच्छ असेल तर आल्या पावली परत जायचं. नसेल तर पुढचं बोलू.

तुझी (तुला आवडो न आवडो),
टाचणी


८ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

तुझे हेर चोख आहेत. पत्र पोचायच्या आधीच मावशीचा फोन आला. “रविवारी बाबांना दवाखान्यात का नेलं होतं? तिला विचार म्हणाला.”

नेलं होतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. लपवलं, कारण तुझ्या हातात आयतं कोलीत द्यायचं नव्हतं. आणि माकडाच्या हातात कोलीत दिलं की काय होतं, ते आपल्या दोघांना माहीत आहे. तरी आता देते. घे.

झालं असं. घरात ब्लीचची बाटली होती. ती भिंतीवर ओतली आणि घासायला लागले. बुरशी ढिम्म. माझं डोकं आधीच तापलेलं, कानात तुझा निरोप. शेजारी संडास साफ करायचं अ‍ॅसिड होतं. मनात म्हटलं, एक औषध कमी पडतंय तर दोन घालू. बाबांना वास नको म्हणून दार लोटून घेतलं होतं, खिडकी तर त्या खोलीला नाहीच. अ‍ॅसिड त्याच भिंतीवर ओतलं आणि दोन श्वासांत घसा आवळला गेला. डोळ्यांपुढे काही दिसेना. दाराची कडीसुद्धा सापडेना.

बाबा आत आले आणि माझी वेणी धरून मला बाहेर ओढलं. वेणी धरून! लहानपणी तू ओढायचास म्हणून ते तुला मारायचे, आठवतं? मी बाहेर पडले, पण तोवर तो धूर त्यांच्याही छातीत गेला होता. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि असे खोकले की मला वाटलं संपलं आता सगळं.

खालच्या मजल्यावरच्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आम्हाला जिन्यात आणून बसवलं आणि पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही म्हणून दरडावलं. निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वॉर्डातलाच आहे.

“दवाखान्यात नोकरी करतेस ना गं तू?” त्या म्हणाल्या. “बाटलीवर लिहिलेलं वाचता येत नाही? ब्लीच दुसऱ्या कशात मिसळायचं नसतं. अ‍ॅसिडमध्ये तर मुळीच नाही. विषारी वायू होतो त्याचा. बापाला घेऊन वर जायचा विचार होता की काय?”

मी एक शब्द बोलले नाही. मी, एक शब्द बोलले नाही. यावरून काय ते समज.

वर्षभरात बुरशीनं बाबांना दिला नसेल एवढा त्रास मी पाच मिनिटांत दिला. त्यांना नाकाला वाफेचा मास्क लावून पडलेलं बघितलं तेव्हा तुझी भीती पहिल्यांदा पटली. हे मी तुझ्याशी बोलताना कधीच कबूल केलं नसतं, म्हणून लिहून टाकते.

पण थांब, लगेच बॅग भरू नकोस. डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं. छाती मोकळी होतेय, दोन आठवड्यांची औषधं दिली आहेत. म्हणाले, “जुना खोकला ओलीनं आणि बुरशीनं वाढतो, हे खरं. भिंत मुळापासून दुरुस्त करा. आणि ते काम चालू असेल तेव्हा यांना घरात ठेवू नका.” घर सोडा असं म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारलं. सिस्टर साक्षीला होत्या.

तेव्हा सोमवारपासून बाबा मावशीकडे राहतील. मावशीकडे, तुझ्याकडे नाही. भिंत झाली की परत.

टाचणी


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

बाबांना सोडताना मोठं नाटक झालं. भांडण बुरशीवरून नव्हतं, रंगावरून होतं. मी म्हटलं, आता रंग लावायचा नाही. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना जेवू नका म्हणाले.

“एक हात मारला की झालं,” ते म्हणाले. तुला माहीत आहे त्यांचं ते वाक्य. भेगेला एक हात, डागाला एक हात, आईशी भांडण झालं तर स्वयंपाकघराला एक हात. “मी बुरशीवरचा रंग आणतो. वर्षभर दिसणार नाही.”

“बाबा, न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.”

“चाळीस वर्षं काम केलंय मी. मला शिकवू नकोस.”

“चाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या भिंतीवरची ओल आधी काढायला सांगायचात. गिऱ्हाइकानं ऐकलं नाही तर काम सोडून यायचात. मग आपल्याच घरात का नाही?”

बाबांनी पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागले. आपल्या कामात सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारा हा माणूस स्वतःच्या बाथरूममध्ये दरवर्षी बुरशीवर रंग चढवत होता. आणि कधी, तर तू येणार असलास की. तुझी तारीख कळली रे कळली की ब्रश भिजत पडायचे. आई म्हणायची, जावई येणार असल्यासारखं करतात.

आता कामाचं सांगते. तू इंजिनियर, तुला हेच कळतं.

प्लंबरनं पहिल्या दिवशी भिंतीवर कान लावला, नळ बंद केला आणि मीटर बघायला सांगितलं. सगळे नळ बंद, तरी मीटरचा काटा हलतोय. “भिंतीतला पाइप फुटलाय, ताई,” तो म्हणाला. “बारीक आहे, पण वर्षानुवर्षं चाललंय. ही भिंत सुकलीच नसेल कधी.” चार टाइल्स फोडल्या, पाइपचा तो तुकडा बदलला. मग दोन दिवस मीटर बघत बसले. काटा जागचा हलला नाही. बुरशी घासण्याआधी पाणी थांबवायचं असतं, एवढी साधी गोष्ट आपल्या घरात एकाही शहाण्याला सुचली नाही. मी धरून.

मग मी शिरले. दवाखान्यातला निळा मास्क या कामाला चालत नाही. चेहऱ्याला गच्च बसणारा, गाळणीचा आणला. डोळ्यांना बंद चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. बाथरूमच्या दारावर प्लॅस्टिक लावलं, म्हणजे भुकटी घरभर उडायला नको. बाहेरच्या खिडक्या सताड उघड्या. टाइल्सवरची बुरशी साबणाच्या पाण्यानं आणि ताठ ब्रशनं निघाली, दुसरं काही लागलं नाही. वर टाइल्स नाहीत तिथे मात्र प्लॅस्टरच कुजलं होतं. त्याला नुसतं धुऊन उपयोग नाही. आधी पाण्याचा फवारा मारून ओलं केलं, कारण कोरडं खरवडलं तर बुरशीची धूळ उडते आणि सरळ छातीत जाते. मग बाबांची पट्टी घेऊन खरवडलं. निघेल ते तिथल्या तिथे पिशवीत, पिशवीचं तोंड बांधून बाहेर. ब्लीचची बाटली सिस्टर घेऊन गेल्या. म्हणाल्या, “तुझ्या घरात ही नको.”

खरवडताना रंगांचे थर मोजले. अकरा. वर फिकट पांढरा, त्याखाली पिवळसर, मग तो भयंकर हिरवा, ज्यात आपण सगळे आजारी दिसायचो. सगळ्यांत खाली आईचा गुलाबी. आणि दोन थरांच्या मधे काळं. जिथे खरवडलं तिथे काळं.

दारासमोरच्या भिंतीवर, छताच्या हातभर खाली, पट्टी लाकडावर आपटली. प्लायचा चौकोनी तुकडा. कडेनं पुट्टी भरून इतका सपाट केलेला की माहीत नसेल त्याला भिंतच वाटावी. खिळ्यांची आठ डोकी.

आपला झरोका.

तुला तो दिवस आठवत असेल. आईला जाऊन आठवडा झाला होता. तू बाथरूममध्ये उभा राहून ओरडत होतास. “इथे झरोका होता! हवा जायची एकच जागा, ती कुठल्या मूर्खानं बुजवली? दम्याचं माणूस घरात असताना?” बाबा म्हणाले, “मी बुजवला.” तू म्हणालास, “मग तुम्हीच मारलंत तिला. वरून रंग दिलात आणि मारलंत.” आणि बॅग उचलून निघून गेलास. मी तुझ्या मागे जिन्यापर्यंत धावत आले, तुला वाट्टेल ते बोलले, म्हणून तू माझाही नंबर बंद केलास. पाच वर्षं झाली. येतोस, बाबांना भेटतोस, माझ्याशी बोलत नाहीस.

मी त्या दिवशी पुष्कळ बोलले. बोलायला हवं होतं ते सोडून.

आज पुढे लिहवत नाही. दवाखान्याची वेळ झाली.

टाचणी


१६ फेब्रुवारी, रविवार

दादा,

झरोका मी बंद करायला लावला.

खिळे बाबांनी ठोकले, पण सांगितलं मी. सोळा वर्षांची होते. म्हटलं, बाबा, अंघोळ करताना थंडी वाजते, तो बंद करून द्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, प्लाय कापला आणि दहा मिनिटांत काम संपवलं. संध्याकाळी पुट्टी, दुसऱ्या दिवशी रंग.

थंडी वाजत नव्हती. समोरच्या इमारतीचा जिना आठवतो ना? दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जी मोकळी खिडकी आहे, तिथून सरळ आपल्या झरोक्यात दिसतं. तिथे एक माणूस उभा असायचा. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. मग अंघोळीची वेळ बदलून बघितली. सकाळी सहा, तरी तो. दुपारी शाळेतून आल्यावर, तरी तो. चार महिने. मी दिवा न लावता, भिंतीला चिकटून, बसून अंघोळ करायची. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा सगळ्यांदेखत, अगदी मायेनं म्हणाला, “केस ओले ठेवून अभ्यासाला बसतेस, सर्दी होईल.” त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना सांगितलं की थंडी वाजते.

कोण होता, ते लिहीत नाही. लिहून काय होणार?

आईला का नाही सांगितलं? तिला ताण आला की दम लागायचा. झरोका बंद झाला तेव्हा तिनं विचारलं, आणि मी तिलाही थंडीच सांगितली. तिनं मला स्वेटर विणून दिला.

आता तू हिशेब मांडशील, मला माहीत आहे. झरोका बंद, म्हणून वाफ कोंडली, म्हणून बुरशी, म्हणून आई. दादा, हा हिशेब मी पाच वर्षं रोज मांडलाय. अंघोळीला जाताना, येताना. परवा आईच्या डॉक्टरांना धीर करून विचारलं. तेच बाबांना बघतात आता. ते म्हणाले, “दमा त्यांना लग्नाच्या आधीपासून होता. ओलीनं वाढला असेल, नाही म्हणत नाही. पण त्या गेल्या हृदयविकारानं, आणि एका भिंतीवर ते ढकलता येणार नाही.” मी रस्त्यात उभी राहून रडले. मग रुमालानं तोंड पुसलं आणि काचेच्या दुकानात गेले.

तर ऐक. झरोका बंद केल्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. कुणाचीच नाही. पोरीला स्वतःच्या घरात बिनघोर अंघोळ करता यावी म्हणून भिंतीला भोक नसावं, एवढंच मला तेव्हा सुचलं, आणि तेवढंच माझ्या हातात होतं. पण बाबा “मी बुजवला” म्हणाले तेव्हा मी दारात उभी होते आणि गप्प बसले. तू त्यांना खुनी म्हणालास तरी गप्प बसले. त्याबद्दल मला माझी लाज वाटते. त्यांची माफी मी मागणार आहे. तूही माग.

चिडायचं असेल तर माझ्यावर चीड. नेम बदल फक्त.

टाचणी


२३ फेब्रुवारी, रविवार

दादा,

परवा तुझा फोन आला, बाबांच्या फोनवर. खरवडून नवं प्लॅस्टर झालं म्हणून ते गुरुवारीच घरी आले होते. मी बाथरूममध्ये टाइल्सच्या सांध्यांत नवीन भरणी घालत होते आणि त्या खोलीत आवाज कसा घुमतो ते तुला ठाऊक आहे. तुझं ऐकू आलं नाही. त्यांचं सगळं ऐकू आलं.

“हो. खिळे मीच ठोकले.”

“नाही रे. ती म्हणाली थंडी वाजते. उकाड्याचे दिवस होते. अंगाची लाही होत होती, आणि ती म्हणाली थंडी वाजते. बाप आहे मी, मला कळलं काहीतरी आहे. पण विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं आणि तिनं सांगितलं असतं तर? मग मी म्हटलं, एक हात मारला की झालं.”

मग बराच वेळ ते नुसते “हं, हं” करत होते. तू काय बोलत होतास मला माहीत नाही, आणि बाबा सांगत नाहीत. शेवटी म्हणाले, “रडू नकोस. मोठा झालास आता.” आणि मग एकदम खणखणीत, त्यांच्या जुन्या आवाजात, “मी कुठे येत नाही. माझी भिंत अजून सुकायची आहे.”

ऐकलंस ना? मी पढवलेलं नाही. मला तर त्यांच्या बोलण्यावर विश्वासच बसेना. पाच वर्षं तुझ्यापुढे मान खाली घातलेला माणूस तो.

मी बाहेर आले, हातमोज्यांसकट, आणि त्यांची माफी मागितली. त्यांना काय करावं ते समजेना. म्हणाले, “सांध्यात बोट फिरवलंस का? ओलं असतानाच फिरवायचं.” आणि आत जाऊन स्वतः फिरवायला लागले. पाठमोरे होते. खांदे हलत होते.

झरोका आता उघडा आहे. काचेच्या पट्ट्या बसवल्या, दुधी, वरच्या बाजूला तिरक्या. हवा जाते, वाफ जाते, आतलं काही दिसत नाही. अठरा वर्षांपूर्वी हे कुणाला सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण मी प्रश्न काय आहे तेच सांगितलं नव्हतं, तर उत्तर कोण शोधणार? वरच्या कोपऱ्यात वाफ ओढणारा पंखा आहे. अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवायचा, भिंती आणि फरशी रबरी पट्टीनं निपटून घ्यायची, ओले टॉवेल आत लोंबकळत ठेवायचे नाहीत. बाबांनी हे खडूनं दारावर लिहून ठेवलंय आणि मला वेळ लावून तपासतात. काल पंखा वीस मिनिटांनी बंद केला म्हणून बोलणी खाल्ली. खोकला कमी आहे. पूर्ण गेला असं म्हणणार नाही. डॉक्टरांनी महिन्यानं बोलावलंय. रंग दिलेला नाही. बाबाच म्हणाले, प्लॅस्टर पूर्ण सुकेपर्यंत ब्रश हातात घेणार नाही, मग तू येवो नाहीतर राजा येवो. तेव्हा भिंत उघडीबोडकी दिसेल. चालवून घे.

आणि तुझा संदेशही मिळाला. पाच वर्षांनी माझ्या फोनवर तुझं नाव. “कोण होता तो? मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

मागच्या पत्रात मी लिहिलं, लिहून काय होणार. तो माझा भित्रेपणा होता. आता तू विचारलंयस, तर ऐक.

तुझे सर.

समोरच्या इमारतीतले, तिसऱ्या मजल्यावरचे. ज्यांनी तुला वर्षभर गणित शिकवलं, एक पैसा न घेता. ज्यांच्यामुळे तू इंजिनियर झालास, असं तू प्रत्येक समारंभात सांगतोस. ते वर्ष तुझ्या परीक्षेचं होतं, दादा. तू रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायचास आणि परत आलास की जेवताना त्यांचंच कौतुक. आई-बाबा ऐकून हरखून जायचे. मी ताटात बघत बसायची. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर तू काय केलं असतंस? खरं सांग, मला नको, स्वतःला सांग. मला खोटी म्हणाला असतास, किंवा खरी मानून परीक्षा सोडली असतीस. दोन्ही मला परवडणारं नव्हतं. त्यापेक्षा प्लायचा तुकडा बरा होता.

काल हे बाबांनाही सांगितलं. नाव पहिल्यांदाच. ते उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले. मी म्हटलं, बाबा, बसा. माझं भांडण आहे, मी करीन. ते बसले. म्हातारे झालेत, बाबा आणि सर, दोघंही. मग बाबांनी विचारलं, “त्याला सांगितलंस?”

“सांगते.”

“सांग. तो दरवेळी आधी तिकडे जातो.”

खरं आहे. आई होती तेव्हाही. गाडीतून उतरायचास, बॅग हातातच, आणि आधी त्यांचा जिना चढायचास. भेटवस्तू त्यांना, मग आम्हाला. आई खिडकीत उभी राहून वाट बघायची आणि म्हणायची, गुणी आहे, उपकार विसरत नाही. मी तिच्या शेजारी उभी असायची.

सर अजून तिथेच राहतात. आज सकाळीच जिन्याच्या त्या खिडकीपाशी दिसले. मी पडदा ओढला नाही, मागेही सरकले नाही. त्यांच्याकडे बघत राहिले, तेच आत गेले.

अठ्ठावीसला ये. बाबांना न्यायला नाही, भेटायला ये. भिंतीवर हात फिरव, आता हाताला पाणी लागणार नाही. दोन्ही दारं समोरासमोर आहेत आणि गाडी मधोमध थांबते. कुठला जिना चढायचा, ते मी सांगणार नाही. तू ठरव. या वेळी बघणारी मी असेन.

टाचणी